आमची वाटचाल : ज्योतीच्या उंचीकडून तासाच्या लिटरकडे

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमचं पत्र्याचं काम चालतं. लेझरवर कापणी, बेंडिंग, टिग वेल्डिंग, पॉलिश. केटरिंगवाल्यांच्या चाफिंग डिशखालचे, म्हणजे जेवण गरम ठेवायच्या भांड्याखालचे बर्नर हे सुरुवातीचं काम. त्यातून हॉटेलांच्या लॉबीसाठी लांबट ज्योतपट्ट्या आल्या आणि त्यांच्या मागोमाग घरातल्या इथेनॉलवर, म्हणजे स्पिरिटवर जळणाऱ्या शेकोट्या. धुराडं लागत नाही, गॅसची लाइन लागत नाही, त्यामुळे घोडबंदर रोडवरचा टॉवर असो की लोणावळ्याचा बंगला, मागणी दोन्हीकडून येते. पूर्वी गिऱ्हाईक विचारायचं, "ज्योत किती उंच येईल?" आणि आम्ही त्याचंच उत्तर द्यायचो. आज कोटेशनच्या पहिल्याच ओळीत आम्ही लिहितो : तासाला किती लिटर. खर्च, खोलीतली हवा, एसीवरचा भार हे सगळं त्या एका आकड्यावरून निघतं.

घरी मिळणाऱ्या 95 टक्के स्पिरिटच्या एका लिटरचं वजन साधारण 800 ग्रॅम भरतं. ते पूर्ण जळलं की सुमारे साडेपाच युनिट उष्णता सुटते, म्हणजे 2 किलोवॅटचा हीटर पावणेतीन तास चालवावा तेवढी. धुराडं नाही, म्हणून ती सगळी खोलीतच राहते. पण त्याच लिटरमागे जवळपास 1.4 किलो कार्बन डायऑक्साइड आणि 900 मिली पाण्याची वाफही खोलीतच राहते. "धूर नाही" याचा अर्थ "काहीच निघत नाही" असा घेऊ नये.

आमच्या मते घरातल्या बर्नरने तासाला 0.3 ते 0.5 लिटरच्या मध्ये बसावं. 0.4 लिटर धरून हिशेब करू. उष्णता झाली 2.2 किलोवॅट. दिवाणखाना 12 बाय 14 फूट, उंची साडेनऊ फूट, म्हणजे 45 घनमीटर हवा. सगळं बंद ठेवलं तर तासाभरात त्या हवेत कार्बन डायऑक्साइडची 0.7 टक्के भर पडते. बाहेरच्या हवेत तो 0.04 टक्क्याच्या आसपास असतो. दुसऱ्या शब्दांत, शांत बसलेली सोळा-सतरा माणसं जेवढा सोडतील तेवढा ही एक शेकोटी सोडते. डोकं जड होतं, डोळे चुरचुरतात, आणि दोष स्पिरिटला दिला जातो. म्हणून समोरासमोरच्या दोन खिडक्या चार-चार बोटं उघड्या ठेवायला आम्ही सांगतो आणि खोलीला एकच खिडकी असेल तर 0.3 च्या वरचा बर्नर देत नाही. खिडकीच नसलेल्या खोलीसाठी ऑर्डर घेत नाही.

एसीचं गणित तर ठाण्या-नवी मुंबईत चुकतंच चुकतं. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. 0.4 लिटरची शेकोटी आणि तिच्यातून निघणारी वाफ मिळून त्यातला दोन तृतीयांश भाग खाऊन टाकतात. शिवाय एसीसाठी खिडक्या लावलेल्या असतात. दोन्ही एकत्र चालवायचं असेल तर शेकोटी अर्ध्या-पाऊण तासासाठीच, आणि खिडकी उघडी ठेवून.

आता खप कशावर ठरतो ते. टाकी दोन लिटरची आहे की पाच लिटरची, यावर नाही. ज्योतीला जेवढं उघडं तोंड मिळतं तेवढं स्पिरिट जळतं. 30 सेमी लांब आणि अडीच सेमी रुंद खाच, म्हणजे 75 चौरस सेमी, तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास खाते. खाच पाच सेमी रुंद केली की खप दुपटीकडे जातो. ज्योत मात्र दुप्पट देखणी होत नाही, जाड आणि पिवळी होते. आमच्या सुरुवातीच्या बर्नरांचं तोंड रुंद होतं, दिसायला भरगच्च ज्योत मिळावी म्हणून. आता लांबी वाढवतो, रुंदी वाढवत नाही, आणि वर सरकतं झाकण देतो. झाकण अर्धं ओढलं की खप अगदी अर्धा होतो असं मात्र नाही, कारण उरलेल्या तोंडाखालचं स्पिरिट तापलेलंच असतं.

हे तापणंच खरं महत्त्वाचं. पेटवल्यावर पहिली दहा मिनिटं पत्रा थंड असतो, खप कमी दिसतो. मग बर्नर तापतो, स्पिरिट 78 अंशांच्या उकळबिंदूकडे सरकतं, वाफ जास्त सुटते, ज्योत उंचावते. अर्ध्या तासानंतर ती स्थिरावते. कॅटलॉगमधला खप पहिल्या दहा मिनिटांचा असेल तर तो खोटाच ठरणार. बर्नर दगडी किंवा ग्रॅनाइटच्या बंदिस्त खोक्यात घट्ट बसवला तर उष्णता खाली-बाजूला अडकते आणि तोच बर्नर जास्त पितो. म्हणून चारही बाजूंनी किमान 20 मिमी फट आणि खाली हवा जायला जाळी ठेवतो. इंटीरियरवाले ही फट सिलिकॉनने बुजवतात. कृपया बुजवू नका.

पंख्याचंही तेच. छताचा पंखा किंवा एसीचा झोत आला की ज्योत एका कडेवर झुकते, ती कड लालसर तापते, तिथलं स्पिरिट जोरात उकळतं आणि काचेवर काजळी धरते. पंखा बंद, एसीची पाती वर.

कारखान्यात आम्ही खप असा मोजतो : 20 किलोचा प्लॅटफॉर्म काटा, त्यावर उष्णता अडवणारा 25 मिमी जाडीचा कॅल्शियम सिलिकेटचा बोर्ड, त्यावर बर्नर. दर पाच मिनिटांनी वजन टिपायचं. तासाभरात 320 ग्रॅम घटलं तर 0.4 लिटर. घरी काट्याची गरज नाही. थंड, कोरड्या बर्नरमध्ये मापाने एक लिटर ओता, पेटवा, आपोआप विझेपर्यंतची वेळ लिहून ठेवा. अडीच तास चालला तर सरासरी 0.4. असं दोनदा करा, खिडक्या तशाच ठेवून. आकडा आमच्या लेबलपेक्षा फार वेगळा आला तर आधी स्पिरिट तपासा.

स्पिरिट हा वेगळाच विषय आहे. पावसाळ्यात उघडा राहिलेला कॅन हवेतली ओल ओढतो. बर्नरमध्ये रात्रभर राहिलेल्या स्पिरिटमधलं इथेनॉल आधी उडतं आणि मागे पाणचट भाग उरतो. दुसऱ्या दिवशी ते पेटायला त्रास देतं. जळतानाही इथेनॉल आधी निघतं आणि पाण्याचं प्रमाण वाढत जातं, म्हणून शेवटची पंधरा मिनिटं ज्योत बुटकी, निळी आणि वासाची असते. तळाशी थोडं पाणी उरलं तर तो बर्नरचा दोष समजू नका, पुसून घ्या. स्वस्त म्हणून मिथेनॉल मिसळलेला माल कधीच घेऊ नका. ते विषारी असतं, त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, आणि लिटरमागची उष्णता इथेनॉलच्या फक्त तीन चतुर्थांश असल्यामुळे तेवढ्याच उबेसाठी जास्त जाळावं लागतं. महाराष्ट्रात स्पिरिटची विक्री आणि साठा 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली येतो, म्हणून आम्ही सुटं स्पिरिट विकत नाही. परवानाधारक विक्रेत्याकडून सीलबंद, लेबल लावलेला कॅन घ्या. रंगीत ज्योतीसाठी मीठ टाकण्याचा प्रयोगही नको. मिठातल्या क्लोराइडमुळे बर्नरच्या 304 जातीच्या स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पडतात, आणि खाडीकाठच्या ऐरोली-वाशीच्या हवेत ते आणखी लवकर.

खड्डा म्हणजे गळती, म्हणून बर्नरची बांधणी थोडक्यात. पत्रा 2 मिमी, कोपरे टिगने पूर्ण वितळवून जोडलेले, बाहेरून दुसरी बशी, म्हणजे ओतताना सांडलेलं तिथे थांबतं. प्रत्येक जोडाला बाहेरून खडूचा लेप देऊन आत रॉकेल भरतो आणि रात्रभर ठेवतो. खडूवर डाग दिसला की तो जोड घासून पुन्हा. पाण्याने ही चाचणी भागत नाही. रॉकेल केसाएवढ्या भेगेतूनही वर चढतं. आत सिरॅमिक लोकर भरतो. त्यामुळे स्पिरिट हिंदकळत नाही आणि ज्योत एकसारखी राहते. लोकर काळी आणि कडक झाली की बदलायची, मास्क लावून, झटकायची नाही. सुट्या, टेबलावर ठेवायच्या शेकोट्यांसाठी आम्ही ऑस्ट्रेलियाच्या 2017 च्या सक्तीच्या नियमातली मापं घेतली आहेत : रिकामं वजन किमान 8 किलो, तळ किमान 900 चौरस सेमी. हलक्या शेकोट्या धक्क्याने कलंडतात, म्हणून त्या आम्ही बंद केल्या.

भरण्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण अपघात तिथेच होतात. टाकीच्या तीन चतुर्थांशावर थांबा. 30 अंशांचं दोन लिटर स्पिरिट 75 अंशांपर्यंत तापलं की जवळपास 100 मिली फुगतं. काठोकाठ भरलं असेल तर ते ज्योतीतच उतू जातं. ज्योत विझल्यासारखी वाटली तरी दिवसाउजेडी निळी ज्योत दिसत नाही. त्यावर कॅन ओतला की वाफ पेटून ज्वाला कॅनच्या तोंडातून थेट समोरच्यावर येते. म्हणून झाकण लावा, एक तास थांबा, पत्र्याची बाहेरची कड हाताला गार लागली की मगच भरा, आणि जाळीचं तोंड असलेल्या कॅननेच भरा. सांडलेलं ओल्या फडक्याने पुसा, ते फडकं बाहेर वाळवा, मग लांब लायटरने पेटवा. घरात दोन-चार लिटरपेक्षा जास्त साठा नको. बाल्कनीच्या उन्हात नको, स्वयंपाकघरात शेगडीजवळ नको, देवघराखालच्या कपाटात तर नकोच.

ऑर्डर देताना आम्हाला चार गोष्टी पाठवा : खोलीची लांबी-रुंदी-उंची, खिडक्या किती आणि कुठे, एसी किती टनाचा, आणि शेकोटीच्या वर काय येणार, टीव्ही की लाकडी फळी. त्यावरून खाचेची लांबी काढतो आणि बर्नरच्या आतल्या बाजूला तासाचा खप कोरून देतो.