तुम्ही विचारलंत म्हणून : आवडत्या राणीच्या चुका का मोजायच्या?

"इतका जीव आहे त्या राणीवर, मग तिच्यावरच एवढी टीका का करता?" हा प्रश्न मला आजवर कितीदा विचारला गेलाय, गणती नाही. कधी त्यात खरं कुतूहल असतं, कधी थोडा रागही. काही जण पुढे जोडतात, "आणि शेवटी गोष्टच ना ती? ड्रॅगन उडतात त्यात. तिथे कसली नीती शोधता?"

राणी म्हणजे डेनेरिस टार्गेरियन, जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांमधली. त्यांवरच्या 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेमुळे तर न वाचणाऱ्यांनाही ती माहीत आहे. मला ती पहिल्या वाचनात आवडली आणि आजही आवडते. कादंबरीत ती सुरुवातीला तेरा वर्षांची आहे. भाऊ तिला सैन्याच्या बदल्यात लग्नात देऊन टाकतो. पुढे हीच मुलगी गुलामांच्या बाजारात उभी राहून साखळ्या तोडायला लावते. तिच्यावर जीव जडला नाही तरच नवल.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझ्यापुरतं सगळं एका आकड्यापासून सुरू झालं : १६३.

मीरीन शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मैलामैलावरच्या खांबांना, तिथल्या मालकांनी एकेका गुलाम मुलाला खिळे ठोकून मारलेलं असतं. अशी १६३ मुलं. राणीने हे बघू नये म्हणून तिची माणसं प्रेतं आधीच उतरवायला निघतात, तर ती त्यांना थांबवते. तिला प्रत्येक मूल मोजायचं असतं, प्रत्येकाचा चेहरा बघायचा असतो. शहर हाती आल्यावर ती मालकांकडे त्यांचे म्होरके मागते. किती? १६३. आणि त्या सगळ्यांना चौकात खांबांवर खिळे ठोकून मारते.

पहिल्यांदा वाचताना मला बरं वाटलं होतं. पोटातला राग कुठेतरी पोचल्यासारखं वाटलं. नंतर कैक वर्षं मी या प्रसंगात राणीचा कैवार घेत आले. कुणी नुसतं नाक मुरडलं तरी मी त्या मुलांची आठवण करून द्यायची. एकदा अशाच वादात एक मैत्रीण शांतपणे म्हणाली, "त्या १६३ मालकांपैकी एकाचं नाव सांग." मला सांगता येईना. "बरं, नाव राहू दे. एकाने नेमकं काय केलं होतं, ते सांग." तेही येईना.

मी ते पान पुन्हा काढलं. एक म्हातारी रडत विचारते, किती जण दिले म्हणजे बाकीच्यांना सोडाल? त्यावर राणी आकडा सांगते. म्हणजे आकडा आधी ठरला आणि माणसं नंतर भरली. खिळे ठोकण्याचा हुकूम कुणी दिला, कुणी गप्प बसून पाहिलं, कुणी विरोध केला, यातलं काहीच विचारलं गेलं नाही. कुणाला पुढे करायचं हे मालकांवरच सोडलं होतं, आणि स्वतःची कातडी वाचवू पाहणारी माणसं अशा वेळी कुणाला पुढे करतात याचा अंदाज कुणालाही करता येईल. मालिकेने ही जखम आणखी उघडी केली. २०१४ च्या चौथ्या सीझनमध्ये मारलेल्या एका मालकाचा मुलगा हिझ्दार दरबारात येऊन सांगतो की माझे वडील त्या मुलांना मारण्याच्या विरोधात बोलले होते, तरी तुम्ही त्यांना खांबावर ठोकलंत. आता निदान प्रेत उतरवून अंत्यसंस्कार तरी करू द्या. हा प्रसंग मी आधीही पाहिला होता. तेव्हा मला राग आला होता तो हिझ्दारचा, राणीला अडचणीत आणतो म्हणून. बापाचं प्रेत उन्हात टांगलेलं असताना विनंती करायला आलेल्या मुलाचा मला राग आला होता. हे लक्षात आलं त्या दिवसापासून माझं वाचन बदललं.

तेव्हापासून राजा किंवा राणी काही मोठं करायला निघाली, की मी आधी चौकटीच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाकडे बघते. तिच्या निर्णयाचं ओझं कुणाच्या पाठीवर पडलं? त्याला कुणी काही विचारलं का? माझी सगळी टीका एवढ्या दोन प्रश्नांत मावते.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे "तो काळच तसा होता." इतिहासातल्या राजांबद्दल हे म्हणणं निदान तपासून तरी बघता येतं. इथे मात्र काळ आकाशातून पडलेला नाही, लेखकाने रचलेला आहे, आणि त्याच लेखकांनी त्या काळात आक्षेप घेणारी माणसंही ठेवली आहेत. मालिकेत खिळे ठोकण्याआधी म्हातारा सर बॅरिस्टन राणीला सांगतो की अन्यायाला कधीकधी दयेनेही उत्तर द्यावं. तिच्याच बाजूचा, तिच्यासाठी मरायला तयार असलेला सरदार. तो हे बोलू शकतो, तर आपण वाचकांनी गप्प का बसावं?

राज्यकर्त्यावर टीका कशी करावी, हे मी याच गोष्टीतल्या आणखी एका माणसाकडून शिकले. डाव्होस सीवर्थ हा तस्कर. पुढे गादीवर हक्क सांगणारा स्टॅनिस बरॅथियन वेढ्यात अडकलेला असतो, किल्ल्यात उपासमार चाललेली असते, तेव्हा डाव्होस रात्री शत्रूच्या जहाजांमधून नाव काढून कांदे आणि खारवलेले मासे पोचवतो. वेढा उठल्यावर स्टॅनिस त्याला सरदारकी देतो, जमीन देतो आणि आधीच्या तस्करीची शिक्षा म्हणून डाव्या हाताच्या चार बोटांची पेरं तोडतो. डाव्होसची एकच अट असते : सुरा तुम्ही स्वतः चालवायचा. स्टॅनिस ती मानतो. त्याचं तत्त्व असं, की चांगल्या कृत्याने वाईट कृत्य पुसलं जात नाही आणि वाईटाने चांगलंही पुसलं जात नाही. राजांबद्दल बोलताना याहून नेमकी मोजपट्टी मला कुठे सापडलेली नाही. गंमत नाही, खरंच सांगते. मी ती उचलली आणि तिच्या मालकालाच लावली.

कारण पुढे काय होतं? एडरिक नावाच्या मुलाला जाळलं तर त्याच्या रक्तातून ड्रॅगन जागा होईल, असं स्टॅनिसच्या कानी घातलं जातं. मुलगा त्याचा पुतण्या, थोरल्या भावाचा अनौरस मुलगा. स्टॅनिस डाव्होसला विचारतो, अख्ख्या राज्यापुढे एका पोराच्या जिवाची किंमत ती काय? डाव्होसच्या उत्तराचा अर्थ एवढाच, की तो जीव म्हणजेच सगळं. एवढं बोलून तो थांबत नाही. तो मुलाला जहाजात बसवून गुपचूप दूर पाठवतो आणि मग मरणाची तयारी ठेवून राजासमोर येऊन उभा राहतो. पळून जात नाही, राजाच्या बाजूने सबबी शोधत बसत नाही, त्याची साथही सोडत नाही. चाहत्याने कसं असावं असं मला कुणी विचारलं, तर माझ्या डोळ्यांसमोर गळ्यात स्वतःच्या बोटांच्या हाडांची थैली बाळगणारा हा माणूस येतो.

जून २०१५ मध्ये मालिकेच्या पाचव्या सीझनच्या नवव्या भागात स्टॅनिसने स्वतःची मुलगी शिरीन जाळली. त्याचे चाहते कोसळले. मीही रात्रभर झोपले नाही. पुष्कळांनी म्हटलं, "हा आमचा स्टॅनिस नव्हे, मालिकावाल्यांनी त्याला बिघडवलं." प्रकाशित झालेल्या पाच कादंबऱ्यांत ही घटना नाही हे खरं. पण एडरिकबद्दलचा तो प्रश्न कादंबरीतलाच आहे. पुतण्याच्या जिवाची राज्याशी तुलना करायला जो तयार झाला, त्याच्यापुढे कधीतरी मुलीच्या जिवाचा तराजू येणारच होता. आपण तेव्हा "कडक आहे पण न्यायी आहे" म्हणत पुढे गेलो. मीसुद्धा गेले होते.

मार्टिन यांनी स्वतः २०१४ च्या एका मुलाखतीत टोल्कीनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' कादंबरीतल्या राजा अ‍ॅरागॉर्नबद्दल विचारलं होतं : तो शहाणपणाने राज्य करत राहिला असं आपल्याला सांगितलं जातं, पण त्याचं करधोरण काय होतं? उरलेल्या ऑर्कांचं, म्हणजे शत्रूच्या राक्षसी सैनिकांचं, त्याने काय केलं, त्यांच्या पाळण्यातल्या बाळांचं काय केलं? टोल्कीनवर प्रेम करणाऱ्या लेखकाचा हा प्रश्न आहे, आणि तो रास्त आहे. तरी मला त्या कादंबरीतला एक निवाडा आठवतो, ज्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. शोकाने भ्रमिष्ट झालेला राज्याचा कारभारी डेनेथॉर आपल्या जिवंत मुलाला, फॅरामिरला, स्वतःबरोबर चितेवर जाळायला निघतो. बेरेगाँड नावाचा साधा पहारेकरी आपली जागा सोडून धावतो आणि फॅरामिर वाचतो. पण त्या झटापटीत बेरेगाँडच्या हातून पवित्र जागेत आपल्याच लोकांचं रक्त सांडतं. कायद्याने याला देहदंड. युद्ध जिंकून गादीवर बसलेल्या अ‍ॅरागॉर्नला हा विषय सहज विसरून जाता आला असता, लोकांनी टाळ्याच वाजवल्या असत्या. तो तसं करत नाही. मेलेल्यांचं रक्त तो मोजतो : बेरेगाँडने नगर सोडून जावं. बेरेगाँडचा चेहरा पांढरा पडतो. मग राजा पुढचं वाक्य बोलतो : कारण तुला फॅरामिरच्या रक्षकदलाचा नायक नेमलं आहे, आणि ज्याच्यासाठी सगळं पणाला लावलंस त्याच्याजवळच तू राहशील. करधोरण यातून कळत नाही, हे मान्य. पण राजा हिशेबाच्या दोन्ही बाजू कशा ठेवतो, हे एका पानात कळतं. या पानामुळे मला अ‍ॅरागॉर्न आवडतो. तलवारीमुळे किंवा वंशामुळे नाही.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते, आणि ती टीका करणाऱ्या आम्हा मंडळींबद्दलची आहे. राणीला जे माफ नसतं ते राजाला असतं. स्टॅनिसचा थोरला भाऊ, राजा रॉबर्ट बरॅथियन बहुतेकांना खाणारा-पिणारा, मोकळ्या मनाचा गडी म्हणून आठवतो. डेनेरिसच्या घराण्याची गादी मिळाली तेव्हा त्याच्यासमोर तिच्या थोरल्या भावाच्या, ऱ्हेगारच्या दोन लहानग्यांची प्रेतं कापडात गुंडाळून ठेवली होती, आणि त्याला त्यात मुलं दिसली नाहीत, शत्रूची पिल्लावळ दिसली. जिवलग मित्र नेड स्टार्क त्याच्याशी भांडून तिथून निघून गेला. मग आपल्याला त्या राजाचं फक्त हसणं का लक्षात राहावं? डेनेरिसच्या १६३ खांबांवर आपण इतकं बोलतो, ते बोलायलाच हवं. पण त्या दोन प्रेतांवरही तितकंच बोलायला हवं, नाहीतर आपण न्याय मागत नसून फक्त बाईला तोलत बसलोय.

१२ मे २०१९ ला प्रसारित झालेल्या भागात डेनेरिसने शरण आलेलं शहर जाळलं. घंटा वाजून गेल्या होत्या, शस्त्रं खाली ठेवली होती, तरीही. शेवटचा सीझन पुन्हा करा, अशा मागणीवर पंधरा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. त्या वेळी दोन वेगळ्या तक्रारी एकमेकींत गुंतल्या : एक, ती असं करूच शकत नाही, दुसरी, ती इथवर कशी पोचली ते नीट दाखवलं नाही. दुसरी मला पूर्ण पटते. जे वळण कादंबरीत शेकडो पानं मागेल, ते सहा भागांच्या सीझनमध्ये कोंबलं. पहिली मला पटत नाही. आकडा आधी आणि माणसं नंतर, हा तिचा स्वभाव मीरीनच्या चौकातच दिसला होता. लेखनाला दोष देताना पात्राला निर्दोष सोडायचं, की पात्राला शिक्षा देताना लेखकांना मोकळं सोडायचं, असा काही नियम नाही. दोन्ही करता येतं.

आणि तरीही मी तिची चाहती का, हेही तुम्ही विचारता. कारण गुलामांचा बाजार बंद करायचं धाडस तिने केलं. अ‍ॅस्टापोर हे गुलामांच्या बाजाराचं शहर मुक्त करून ती पुढे निघून गेली, आणि तिथे एका खाटकाने गादी बळकावून पुन्हा मुलांना गुलाम-सैनिक करायला घेतलं. हे कळल्यावर तिने मीरीन सोडलं नाही. जिंकलेलं सांभाळायला ती थांबली. घराण्याचं गमावलेलं सिंहासन समुद्रापलीकडे होतं, तरी थांबली. कंटाळवाण्या दरबारात बसून तक्रारी ऐकत राहिली. अशा एका दिवशी एक बाप दरबारात येतो आणि पिशवीतून जळकी हाडं काढून ठेवतो. ती मेंढीची नसतात. त्याच्या मुलीची असतात, तिच्या ड्रॅगनने मारलेल्या. हझ्झिया, वय वर्षं चार. राणी हाती लागलेल्या दोन ड्रॅगनना साखळदंडाने बांधते, तिच्या सगळ्या ताकदीचं मूळ असलेल्यांना. तिला ती मुलगी विसरता येत नाही. तिच्या त्या झोप न लागण्यावर माझं प्रेम आहे.

पाचव्या कादंबरीच्या शेवटी ती गवताळ माळरानावर एकटी, आजारी, अनवाणी भटकत असते. ग्लानीत तिला ती जळालेली मुलगी आठवते, पण नाव आठवत नाही. तिला रडावंसं वाटतं. त्यानंतर तिला आठवतं ते आपण ड्रॅगनांची आई आहोत हे.

त्या पानाशी आले की मी दर वेळी थांबते. पुस्तक उपडं ठेवते आणि ते नाव स्वतः मोठ्याने म्हणते. मग पुढे वाचते.