पोकरच्या लाइव्ह टूर्नामेंटचा सराव, नोंद चौथी: डाव मोजा, मिनिटं नाही

या टप्प्यात सगळा भर एकाच गोष्टीवर ठेवला आहे. लेव्हल (ठराविक मिनिटांचा टप्पा, तो संपला की सक्तीच्या पैजा वाढतात) किती मिनिटांची आहे हे विचारायच्या आधी त्या लेव्हलमध्ये किती डाव मिळणार, हे विचारायचं. हौशी खेळाडू बाहेर पडला की शेवटचा डाव सांगतो: हातात राजाची जोडी होती, समोर एक्का आला, वगैरे. पण खरी गडबड बहुतेक वेळा त्याआधीच्या दोन लेव्हलमध्ये झालेली असते. तो चांगल्या पानांची वाट बघत बसलेला असतो आणि तेवढ्यात ब्लाइंड, म्हणजे दर डावाला दोघांनी पानं बघण्याआधीच लावायच्या सक्तीच्या पैजा, चढून जातात.

नऊ जणांचं टेबल आणि सराईत डीलर असेल तर तासाला साधारण २५ ते ३० डाव होतात. ३० धरले तरी २० मिनिटांच्या लेव्हलला १० डाव. म्हणजे बटण (डीलरची जागा दाखवणारी खूण, दर डावाला एक जागा पुढे सरकते) टेबलाभोवती जेमतेम एकदा फिरतं. आता ब्लाइंड ८००/१६०० आहेत (लहान तो स्मॉल, मोठा तो बिग ब्लाइंड), बिग ब्लाइंड अँटी, म्हणजे बिग ब्लाइंडवाल्याने सगळ्या टेबलाच्या वतीने भरायची जादा रक्कम, १६०० आहे आणि तुमच्याकडे ३२,००० आहेत, असं धरा. बरोबर २० बिग ब्लाइंड, म्हणजे तशी घाबरण्यासारखी परिस्थिती नाही. एक फेरा नुसतं फोल्ड केलं, म्हणजे पानं टाकून दिली, तर ८०० + १६०० + १६०० असे ४,००० गेले, उरले २८,०००. लेव्हल बदलली, १०००/२००० झाले, की तेच २८,००० म्हणजे १४ बिग ब्लाइंड. आणखी एक फेरा फोल्ड केला की ५,००० जातात आणि २३,००० उरतात. पुढची लेव्हल १५००/३००० ची असेल तर हातात साडेसातच्या थोडं वर. एकही डाव न खेळता, एकही चूक न करता, ४० मिनिटांत २० चे साडेसात.

हा हिशेब प्रत्येकाने स्वतःच्या टूर्नामेंटच्या लेव्हल-तक्त्यावर एकदा तरी कागदावर मांडावा. तोंडी ऐकून तो पटतो, पण टेबलावर आठवत नाही.

मोठ्या स्पर्धांची प्रक्षेपणं बघून शिकलेल्यांना हे जास्त जड जातं, त्याचंही कारण आकड्यांतच आहे. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत आता ६०,००० चिप्स मिळतात, सुरुवात १००/२०० ने होते आणि लेव्हल दोन तासांची असते. म्हणजे सुरुवातीलाच ३०० बिग ब्लाइंड आणि प्रत्येक लेव्हलला सहा-सात फेरे. तिथल्या खेळाडूचा संयम बघून तोच २० मिनिटांच्या लेव्हलमध्ये वापरला तर पदरात काही पडत नाही. २००३ साली ख्रिस मनीमेकर या हौशी खेळाडूने ८३९ जणांमधून ती स्पर्धा जिंकली आणि २५ लाख डॉलर मिळवले, म्हणून घराघरांत हा खेळ पोचला हे खरं. पण तो जिंकला तोही अशाच लांब पल्ल्याच्या रचनेत. छोट्या स्पर्धेचा अभ्यास वेगळा करावा लागतो.

सरावाचं टेबल कसं लावलं

दहा जण, प्रत्येकी २०,०००. वाटणी अशी: १०० च्या १०, ५०० च्या ८, १००० च्या १० आणि ५००० ची १. माणशी २९ चिप्स. याआधीच्या मांडणीत १०० च्या पाचच ठेवल्या होत्या, तर पहिल्या दोन लेव्हलमध्ये सतत सुटे मागावे लागत होते आणि त्यात डाव वाया जात होते. सुट्यांची टंचाई ही क्षुल्लक बाब वाटते, पण तासाला दोन-तीन डाव तीच खाते.

लेव्हल अशा: १००/१००, १००/२००, २००/३००, २००/४००, ३००/६००, ४००/८००, ५००/१०००, ६००/१२००, ८००/१६००, १०००/२०००, १५००/३०००, २०००/४०००, ३०००/६०००, ४०००/८०००, ५०००/१००००. टेबलावर एकूण २,००,००० चिप्स आहेत. टेबलावरच्या सगळ्या चिप्स मिळून साधारण २० बिग ब्लाइंड होतात तेव्हा स्पर्धा संपत येते, असा ठोकताळा आहे. इथे तो बिंदू ५०००/१०००० ला येतो. १५ लेव्हल, २० मिनिटांच्या, म्हणजे विश्रांती सोडून पाच तास. वेळ कमी असेल तर मधल्या लेव्हल गाळू नका, मिनिटं कमी करा किंवा सुरुवातीचा स्टॅक (प्रत्येकाच्या हातातल्या चिप्स) कमी करा. मधली लेव्हल गाळली की ब्लाइंड एकदम दुप्पट होतात आणि त्या एका उडीत निम्मं टेबल कोसळतं.

१०० च्या चिप्स कधी काढायच्या, यात हमखास चूक होते. ५००/१००० आली की वाटतं आता शंभराचं काम संपलं. पण पुढे ६००/१२०० आणि ८००/१६०० आहेत, तिथे त्या लागतातच. ८००/१६०० संपल्यावरच काढायच्या. काढताना प्रत्येकाचे पाच-पाच शंभर देऊन ५०० ची चिप द्यायची. सुटे उरतील तेवढी पानं त्या खेळाडूसमोर उघडी वाटायची, ज्याचं पान सर्वांत मोठं त्याला ५०० ची चिप. एका खेळाडूला अशी एकच चिप मिळू शकते. आणि या प्रकारात कोणी स्पर्धेतून बाद होत नाही: ज्याच्याकडे नुसते सुटेच होते आणि ज्याला चिप लागली नाही, त्यालाही एक चिप द्यायची.

डीलर नसेल तर पत्त्यांचे दोन कॅट ठेवा, पाठीचा रंग वेगळा. एक वाटला जात असताना दुसरा पिसून तयार. नऊ जणांना दोन-दोन म्हणजे १८ पानं, तीन जाळायची (न उघडता बाजूला टाकायची), पाच मधली, अशी २६ पानं एका डावाला लागतात. कॅटच्या तळाशी कट कार्ड हवंच. ते नसेल तर पानं कापून वर ठेवताना तळचं पान बाजूच्याला दिसतं. ते रोज दिसत नाही, पण ज्या दिवशी दिसतं त्या दिवशी भांडण होतं.

बोलायचं आधी, चिप्स नंतर

टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनचे नियम बहुतेक ठिकाणी चालतात, तेव्हा सरावही त्यांवरच केला. सगळ्यात महाग पडणाऱ्या चुका इथे होतात, आणि त्या टाळायला पत्त्यांचं ज्ञान लागत नाही.

एक प्रसंग बारकाईने बघू. ब्लाइंड २००/४००. पहिल्याने ११०० वर रेझ केलं, म्हणजे पैज वाढवली. तुमच्याकडे राणीची जोडी आहे, तुम्हाला ३००० वर न्यायचं आहे. तुम्ही ५००० ची एकच चिप न बोलता पुढे सरकवली. हा कॉल झाला, म्हणजे नुसती बरोबरी, ११०० ची. मनात काय होतं याला किंमत नाही. समजा ती चिप सोडून १००० च्या दोन टाकल्या, तरीही कॉलच, कारण त्यातली एक काढली तर उरलेली १००० ही ११०० ला पुरत नाही. आता सुटे मोजून १४०० ठेवले तर? कमीत कमी रेझ किती, ते आधी काढा: ४०० वरून ११०० म्हणजे वाढ ७०० ची, म्हणून पुढचं रेझ निदान १८०० वर हवं. वाढीचा अर्धा भाग ३५०, म्हणजे सीमा १४५० वर. १४०० ठेवले तर कॉल धरला जाईल आणि ३०० परत मिळतील. १५०० ठेवले तर १८०० पूर्ण करायला लावतील. राणीच्या जोडीला या प्रत्येक चुकीत तोटा आहे, कारण मागचे चारजण स्वस्तात आत येतात.

उपाय एका शब्दाचा आहे. ‘रेझ’ म्हणा, आकडा म्हणा, मग हात हलवा. आकडा बोलला की तो बांधील आणि चिप्स कितीही वेळा सरकवल्या तरी चालतात. न बोलता दोन खेपांत चिप्स ठेवल्या तर पहिली खेपच धरतात.

आणखी दोन सवयी या टप्प्यात पक्क्या झाल्या. आपली पाळी येईपर्यंत पानं उचलून बघायची नाहीत, तोवर समोरच्यांचे हात बघायचे. ज्याला फोल्ड करायचं असतं त्याची पानं आधीच बोटांत आलेली असतात, हे पाळीआधी दिसलं तर बटणावरचा निर्णय सोपा होतो. दुसरी सवय चिप्सची: एका रंगाच्या २० चा एक गठ्ठा, मोठ्या किमतीच्या पुढे. नियमाने त्या पुढे दिसायलाच हव्यात, आणि त्यामुळे समोरच्याचा स्टॅकही एका नजरेत मोजता येतो.

ऑल-इनचा हिशेब सगळ्यांना करता यावा. तिघे ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स लावून: ४,०००, ९,००० आणि १५,०००. मुख्य पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) ४,००० × ३ = १२,०००, तो तिघांत. बाजूचा पॉट ५,००० × २ = १०,०००, तो दोघांत. मोठ्या स्टॅकवाल्याचे ६,००० सरळ परत. आधी बाजूचा पॉट निकाली काढायचा, मग मुख्य. उलटं केलं तर पानं गोळा होण्याच्या गडबडीत घोळ होतो.

आठ ब्लाइंड आणि पंचवीस ब्लाइंड

लहान स्टॅकने ऑल-इन कधी सारायचं, याचं उत्तर नेहमी पानांत शोधलं जातं. आधी समोरचे किती वेळा फोल्ड करायला हवेत ते काढा.

ब्लाइंड १०००/२०००, अँटी २०००. मध्ये ५,००० पडलेले. तुम्ही बटणावर, १६,००० घेऊन, म्हणजे ८ बिग ब्लाइंड. आधीच्यांनी सोडलं, तुम्ही सारलं आणि ब्लाइंडवाल्या दोघांनी फोल्ड केलं तर ५,००० मिळाले, स्टॅक ३१ टक्क्यांनी वाढला. बिग ब्लाइंडने कॉल केला तर पॉट ३५,००० चा. तुमची पानं तेव्हा ३५ टक्के वेळा जिंकतात असं धरलं तर वाट्याला सरासरी १२,२५० येतात, म्हणजे ३,७५० चा तोटा. ३,७५० भागिले ८,७५० (५,००० + ३,७५०), आलं ४३ टक्के. समोरच्या दोघांनी मिळून १०० पैकी ४३ वेळा सोडलं की बरोबरी, त्यावर फायदा.

आता हेच ५०,००० घेऊन, २५ बिग ब्लाइंडला करा. कॉल झाला तर पॉट १,०३,०००, वाटा ३६,०५०, तोटा १३,९५०. लागणारे फोल्ड ७४ टक्के. मिळणार तेच ५,०००. म्हणून २५ ला सारणं हा आळस आहे, तिथे बिग ब्लाइंडच्या २.२ पट रेझ पुरतं. आणि साडेपाच-सहा ब्लाइंड होईपर्यंत थांबणं ही त्याच्या उलट दिशेची चूक: तेव्हा बिग ब्लाइंडला कॉल इतका स्वस्त पडतो की तो सोडतच नाही. १० ते ८ हा पट्टा हातातून जाऊ द्यायचा नाही. वर मांडलेल्या उतरणीत १४ वरून साडेसातवर यायला एकच फेरा लागला होता, ते आठवा. म्हणजे हा पट्टा टेबलावर कधीकधी दिसतही नाही, ओलांडलाच जातो. १४ असतानाच पुढची लेव्हल कोणती आहे ते बघून ठेवावं.

शेवटचे तिघे

बक्षिसं ५०, ३० आणि २० टक्के. तिघांकडे चिप्सही ५०, ३० आणि २० टक्के. पहिल्याला वाटतं, निम्म्या चिप्स म्हणजे निम्मी बक्षिसं. आयसीएमने (चिप्सवरून बक्षिसातला वाटा काढायची पद्धत) मोजलं तर पहिल्याचा वाटा ३८.४, दुसऱ्याचा ३२.७ आणि तिसऱ्याचा २८.९ येतो. पद्धत अशी: पहिला येण्याची शक्यता चिप्सच्या प्रमाणात, मग त्याला वगळून उरलेल्यांत दुसरा येण्याची शक्यता पुन्हा चिप्सच्या प्रमाणात. कागदावर दहा मिनिटांत होतं.

समजा दुसरा आणि तिसरा ऑल-इनमध्ये भिडले. तिसरा जिंकला तर त्याचा वाटा २८.९ वरून ३६.४ होतो, हरला तर २० वर येतो. चढण ७.६ ची, घसरण ८.९ ची. बरोबरीसाठी त्याला ५४ टक्के वेळा जिंकावं लागतं. पंजाची जोडी विरुद्ध वेगवेगळ्या चिन्हांचे एक्का-राजा हा सामना साधारण तिथेच येतो. म्हणजे ज्याला सगळे ‘पन्नास-पन्नास’ म्हणून आनंदाने कॉल करतात, तो इथे जेमतेम बरोबरीचा. दुसऱ्यालाही सुमारे ५३ टक्के लागतात. आणि पहिला? तो हात बांधून बसला तरी ३८.४ वरून ३८.९ किंवा ४० वर जातो. दोघांचं जे गेलं त्यातलं थोडं त्याच्या पदरात पडतं. मोठा स्टॅक असताना इतरांना भिडू द्यावं आणि मध्यम स्टॅकवर आपण दाब ठेवावा, हे एवढ्यासाठीच.

राहिलेलं काम: हेच गणित बक्षिसांच्या अगदी उंबरठ्यावर, चार जण आणि तीन बक्षिसं असताना मांडायचं आहे. त्यासाठी ४०, ३०, २०, १० अशा चिप्स धरल्या आहेत. शिवाय तासाला प्रत्यक्ष किती डाव होतात ते पुढच्या दोन सत्रांत कागदावर खुणा करून मोजायचं. डीलर बदलत राहिला तर आकडा २० च्या आसपास येईल असा अंदाज आहे. तसं झालं तर लेव्हल २० ऐवजी ३० मिनिटांची करून सुरुवातीचा स्टॅक १५,००० वर आणायचा.