पॉइंट टू-टूची नळी आणि तिला मानवलेलं काडतूस

वरळीच्या नेमबाजीच्या रेंजवर चार वर्षं मी क्लबच्या पॉइंट टू-टू (.२२) रायफलने पन्नास मीटर प्रोन, म्हणजे पालथं पडून साठ शॉट मारायचा प्रकार, खेळले. ती सहा किलोच्या वर होती आणि उंच माणसाच्या मापाने लावलेली. चाळिसाव्या शॉटनंतर स्लिंग (रायफल पेलणारा पट्टा) अडकवलेला डावा हात बधिर व्हायचा, आणि अजून वीस शॉट बाकी असायचे. स्वतःची रायफल घ्यायचं ठरलं तेव्हा माझी अट एकच होती, ती हलकी हवी.

परवान्याचं फार सांगत नाही. असोसिएशनची शिफारस, पोलीस पडताळणी आणि भरपूर वाट बघणं. दोन गोष्टी मात्र सुरुवातीलाच कळायला हव्या होत्या. काडतुसं किती घेता येतील तो आकडा परवान्यात ठरलेला असतो. आणि कायद्याच्या नजरेत नुसती नळीसुद्धा शस्त्रातच मोडते, त्यामुळे ‘आत्ता घेऊ, नाही पटली तर बदलू’ असं चालत नाही.

म्हणून नळीवरच सगळ्यात जास्त दिवस घालवले. लांब नळी म्हणजे जास्त वेग आणि जास्त अचूकपणा, असं मी धरून चालले होते. आमच्या सरांनी ते खोडून काढलं. पॉइंट टू-टूच्या काडतुसात दारू इतकी थोडी असते की सोळा ते वीस इंचांत तिचा जोर संपतो. त्यापुढे गोळीला नळीचं घर्षणच सोसावं लागतं. लांबीचा खरा उपयोग पुढची साइट (नेम धरायची खूण) डोळ्यापासून लांब जाण्यासाठी, आणि ते काम तोंडाशी बसवलेली पोकळ ट्यूबही करते. शिवाय आखूड नळीतून गोळी लवकर सुटते, म्हणजे हात हलून ती बिघडवायला वेळ कमी मिळतो.

मग मी आखूड आणि बारीक नळीची रायफल मागून घेऊन बघितली. खांद्याला फार बरं वाटलं, पण पुढे वजनच नसल्यामुळे नाडीच्या प्रत्येक ठोक्याला साइट उडत होती. शेवटी आखूड पण जाड नळी घेतली, पुढे ट्यूब, एकूण वजन पाच किलो शंभर ग्रॅम. गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या आट्यांचा प्रश्नच आला नाही. या बोअरला (नळीच्या आतल्या मापाला) सोळा इंचांत एक फेरा, हेच माप रूढ आहे.

गावी आजोबांकडे .३१५ ची रायफल होती. लष्कराचं .३०३ काडतूस सामान्य माणसाला बंद, म्हणून हा बोअर आपल्याकडे रुजला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंधनं आली, त्यानंतर आजोबांची रायफल कपाटातून फारशी बाहेर आली नाही. त्यांच्या पिढीत बोअर कुठला घ्यावा यावर चर्चा चाले. माझ्या खेळात बोअर नियमानेच ठरलेला, ५.६ मिलिमीटर, म्हणजेच पॉइंट टू-टू. त्यामुळे मला वाटलं, काडतुसात निवडण्यासारखं काय आहे?

इथेच चुकले. रेंजवरच्या एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिच्याच महागड्या काडतुसांचे दहा डबे घेतले. तिच्या रायफलीत ती सुंदर चालतात. माझ्या टार्गेटवर आठ गोळ्या दहा गुणांच्या मधल्या वर्तुळात पडत आणि नववी कारण नसताना आठात. दोन आठवडे मी श्वासाला, कोपराला, ट्रिगरला दोष देत राहिले. मग सरांनी रायफल शिकंजात बांधायला लावली. माणूस बाजूला झाला तरी नववी गोळी तशीच भरकटली.

या काडतुसाचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. ते घरी पुन्हा भरता येत नाही, कारखान्यातून आलं तसंच वापरायचं. एकाच नावाच्या डब्यांतही लॉट, म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेली खेप, बदलला की वागणूक बदलते. मी चार लॉट मागवले. लॉट बदलताना आधी पंधरा गोळ्या नुसत्या सोडल्या, कारण गोळीवरचं मेण वेगळं असतं आणि नळीला ते अंगवळणी पडावं लागतं. मग दहा-दहा गोळ्यांचे पाच ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांचे पुंजके; पुंजका जितका लहान तितका लॉट चांगला. पाच गोळ्यांच्या ग्रुपवर कुणी भुलू नये, नशिबाने तो कधीही छान येतो.

दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. गोळीने कड शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे केंद्रापासून केंद्रापर्यंत सोळा मिलिमीटरचा ग्रुप पूर्ण दहात बसू शकतो. महाग लॉटचा ग्रुप एकवीसच्या आसपास आला. मधल्या किमतीचा एक लॉट पाचही वेळा पंधराच्या आत राहिला.

चारपैकी एक वेगवान होता. वाऱ्याला तो कमी जुमानेल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. ध्वनीपेक्षा वेगाने निघालेली ही गोळी हवेत झपाट्याने वेग गमावते, आणि वाटेत जितका वेग जास्त जातो तितकी ती वाऱ्याबरोबर जास्त सरकते. दुपारी समुद्रावरून वारा सुटल्यावर तिचा ग्रुप आडवा पसरला. सेकंदाला ३२०–३३० मीटर वेगाची सावकाश गोळी जास्त सरळ गेली.

मधल्या लॉटचे परवान्यात बसतील तेवढे डबे त्याच आठवड्यात घेतले. ते कोरड्या कपाटात ठेवते, गाडीत कधीच नाही, आणि पावसाळ्यात सराव झाला की नळी त्याच संध्याकाळी चेंबरच्या (काडतूस बसतं त्या) बाजूने पुसते. झाकणांवर लॉट नंबर लिहून ठेवलाय. आता अकरा डबे उरलेत, पुढच्या महिन्यात पुन्हा शिकंजा मांडायचा आहे.