परताव्याचे तिकीट आणि लाउंजचे दार

गेल्या वर्षी एका संध्याकाळी मी बिझनेस क्लासचे, पूर्ण परतावा मिळणारे तिकीट काढले. मोठ्या बहिणीची शस्त्रक्रिया ठरली होती, पण तिचा रक्तदाब वरखाली होत असल्यामुळे ती नेमकी कोणत्या दिवशी होईल हे डॉक्टरांना सांगता येत नव्हते. म्हणून साध्या तिकिटाच्या कितीतरी पट पैसे मोजून मी शेवटच्या क्षणापर्यंत रद्द करता येईल असे तिकीट घेतले. चेक-इन आणि इमिग्रेशन आटोपून मी लाउंजमध्ये, म्हणजे महागड्या तिकिटाच्या प्रवाशांसाठी असलेल्या विश्रांतिकक्षात बसले, तिथे जेवले, आणि विमान सुटायला दीड तास उरला असताना भाच्याचा फोन आला. शस्त्रक्रिया दहा दिवस पुढे गेली होती. “मावशी, आत्ता नको येऊस. तेव्हा आईला तुझी जास्त गरज लागेल,” असे तो म्हणाला.

मी लाउंजच्या काउंटरवर जाऊन हे सांगितले, तेव्हा परत फिरणे एवढे किचकट असेल याची मला कल्पना नव्हती. तिथल्या कर्मचारी मुलीने तीन ठिकाणी फोन केले, प्रवाशांच्या यादीतून माझे नाव काढले, म्हणजे त्यांच्या भाषेत मला ऑफलोड केले. माझी बॅग सामानातून शोधून बाहेर काढावी लागली. एक कर्मचारी मला सोबत घेऊन इमिग्रेशनपर्यंत परत आला आणि पासपोर्टावरचा प्रस्थानाचा शिक्का रद्द झाला. तासाभराने मी बॅग घेऊन बाहेर पडले. नवव्या दिवशी तिकिटाची पूर्ण रक्कम कार्डावर जमा झाली.

ही हकिकत मी माझ्या मावसभावाला सांगितली, तेव्हा त्याच्या मनात वाईट काही नव्हते हे मला माहीत आहे. पण तो पटकन म्हणाला, “ताई, म्हणजे जेवण, आराम, सगळे फुकटात पडले की तुला!” आणि काही दिवसांनी त्याने मला आपला बेत सांगितला. त्याला कामासाठी सारखा विमानप्रवास करावा लागतो आणि तो स्वस्तातल्या तिकिटाने जातो. त्याच दिवसाचे दुसऱ्या कंपनीचे परताव्याचे महागडे तिकीट काढायचे, त्याचा बोर्डिंग पास दाखवून लाउंजमध्ये बसायचे, निघायच्या आधी ते तिकीट रद्द करायचे आणि आपल्या खऱ्या विमानाने जायचे. त्याचा प्रश्न असा होता की, तू जे केलेस आणि मी जे करणार आहे, त्यात फरक तो कोणता? दोन्हीकडे तिकीट घेतले, लाउंज वापरले, पैसे परत मिळाले. हा प्रश्न मला इतका खरा वाटला की गेले काही महिने मी त्याचे उत्तर शोधते आहे, आणि ते इथे नीट लिहून ठेवावे असे वाटले.

आधी हे तिकीट महाग का असते ते पाहिले पाहिजे. एकाच विमानातल्या शेजारशेजारच्या दोन आसनांचे भाडे वेगळे असते, कारण त्यांच्यासोबत येणाऱ्या अटी वेगळ्या असतात. स्वस्त तिकीट घेणारा प्रवासी ‘मी नक्की येईन, न आल्यास पैसे बुडाले तरी चालतील’ असे कबूल करतो. परताव्याचे तिकीट घेणाऱ्याला ही कबुली द्यावी लागत नाही, आणि आसन ऐनवेळी रिकामे जाण्याचा धोका कंपनी स्वतःकडे घेते. त्या धोक्याची किंमत वाढीव भाड्यात असते. असे तिकीट घेणारे बहुतेक जण शेवटी प्रवास करतात आणि वाढीव भाडे भरतात, म्हणूनच माझ्यासारख्या एखादीला ऐनवेळी पूर्ण पैसे परत देणे कंपनीला परवडते. विम्यासारखीच ही व्यवस्था आहे. फोन आला नसता, तर ते वाढीव भाडे माझ्याही खिशातून गेलेच असते. जो प्रवास करणारच नाही, त्याच्याकडून ते कधीच जाणार नसते. घराला आग लावायचे ठरवूनच जो विमा उतरवतो, त्याला विमेदार म्हणत नाहीत. मावसभावाच्या प्रश्नाचे माझे उत्तर मुळात एवढेच आहे, पण त्याला ते पुरेसे वाटले नाही, म्हणून मी पुढे शोधत गेले.

लाउंजच्या दाराशी असलेले यंत्र बोर्डिंग पासवरून नाव, विमान, तारीख आणि वर्ग एवढेच ताडून पाहते. पास दाखवणारा माणूस त्या आसनावर खरोखर बसणार आहे का, हे यंत्राला कळण्याचा मार्ग नाही. ई-तिकिटाचा प्रत्येक टप्पा म्हणजे एक कूपन असते आणि त्याची स्थिती संगणकात बदलत जाते: आधी खुले, मग चेक-इन झालेले, मग प्रवास झालेले. चेक-इन झालेल्या कूपनचा परतावा हवा असेल, तर चेक-इन रद्द करून ते पुन्हा खुले करावे लागते. विमान सुटेपर्यंत हे केले नाही, तर तो प्रवासी ‘नो-शो’, म्हणजे न कळवता गैरहजर ठरतो आणि परताव्याच्या कित्येक तिकिटांतही त्याबद्दल रक्कम कापली जाते. अमेरिकेत तिकीट काढल्यापासून चोवीस तासांत ते फुकट रद्द करण्याची सोय नियमाने आहे, तिचाही दाखला मावसभावाने दिला होता; पण ती सोय प्रस्थानाला सात दिवस किंवा अधिक अवधी असताना केलेल्या आरक्षणालाच लागू होते. त्याच दिवशीच्या तिकिटाला तिचा उपयोग नाही.

अशा तिकिटाची सर्वांत गाजलेली गोष्ट चीनमधल्या शीआन विमानतळावरची आहे. चायना ईस्टर्न कंपनीचे फर्स्ट क्लासचे एकच तिकीट घेऊन एका माणसाने वर्षभरात सुमारे ३०० वेळा लाउंजमध्ये जेवण केले. दर वेळी तो जेवून झाले की प्रवासाची तारीख पुढे ढकलत असे, आणि कंपनीच्या हे लक्षात आल्यावर त्याने तिकीट रद्द करून पैसेही परत घेतले. २०१४ च्या सुरुवातीला ही बातमी जगभर छापून आली, आणि ती बहुतेकांनी एका हुशार माणसाची कथा म्हणून वाचली. मावसभावाने मला तीच पाठवली होती.

मी त्याला त्याच सुमाराचा म्युनिकच्या न्यायालयातला एक खटला पाठवला, जो फारसा कुणी सांगत नाही. एका प्रवाशाने लुफ्तान्सा या जर्मन विमान कंपनीचे म्युनिक ते झुरिक असे बिझनेस क्लासचे, बदलता येणारे तिकीट ७४४ युरोंना घेतले होते. तो चेक-इन करी, लाउंजमध्ये जाई आणि त्या दिवशी न जाता तारीख बदलून घेई. असे ३६ वेळा झाले. शेवटी कंपनीने तिकीट रद्द करून त्याची रक्कम परत केली आणि मग प्रत्येक भेटीचे ५५ युरो याप्रमाणे १,९८० युरोंसाठी त्याच्यावर दावा लावला. न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. मला त्यातला विचार फार स्वच्छ वाटतो. प्रवाशाने केलेला करार हा विमानाने नेण्याचा करार आहे आणि लाउंज ही त्या प्रवासाला जोडून दिलेली सोय आहे. प्रवासाचा हेतू नसताना केवळ ती सोय उपभोगणे हे त्या करारात बसत नाही. तारीख बदलण्याचा त्याचा हक्क खरा होता आणि तो कुणी नाकारलाही नव्हता. छत्तीस वेळा चेक-इन करून एकदाही विमानात न बसणे, यातून हेतू काय होता ते दिसले.

सिंगापूरमध्ये तर ही बाब कराराच्या पलीकडे जाते. तिथल्या २०१७ च्या पायाभूत सुविधा संरक्षण कायद्यानुसार, विमानाने जाण्याचा हेतू नसताना बोर्डिंग पासचा वापर करून विमानतळाच्या ट्रान्झिट भागात, म्हणजे इमिग्रेशनच्या पलीकडच्या प्रवाशांसाठीच्या भागात शिरणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी २०,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. २०१९ मध्ये एका माणसाने केवळ पत्नीला गेटपर्यंत सोडण्यासाठी तिकीट काढले होते, तरीही त्याला अटक झाली. मला ही अटक कठोर वाटते. पण त्या भागात प्रवाशांशिवाय कुणी असू नये असे सरकारला का वाटते, हे मला माझ्या बॅगेमुळे समजले. १९८५ मध्ये एअर इंडियाच्या १८२ क्रमांकाच्या विमानात ज्या बॅगेत बॉम्ब होता, ती चेक-इन करणारा माणूस विमानात बसलाच नव्हता. ३२९ माणसे गेली. १९८८ मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकर्बीच्या आकाशात फुटलेल्या विमानातला बॉम्बही प्रवाशाविना निघालेल्या बॅगेतच होता आणि तिथे २७० बळी गेले. म्हणूनच प्रवासी न आल्यास त्याची बॅग काढल्याशिवाय विमान सोडत नाहीत. त्या रात्री माझी बॅग शोधणाऱ्या कामगारांकडे मी नुसती उशीर होतो म्हणून पाहत होते, याचे मला आता वाईट वाटते.

मावसभाऊ म्हणतो की तो बॅग देणारच नाही, आणि वेळेत रद्दही करील, मग कुणाला त्रास नाही. तरी त्याने अडवलेले आसन तेवढे तास विक्रीतून गेलेले असते, आणि बिझनेस क्लासमध्ये आसने मोजकीच असतात. ज्याला खरोखर तातडीने निघायचे आहे, त्याला ‘भरले आहे’ असे उत्तर मिळू शकते. ज्या आठवड्यात मी तिकीट शोधत होते, त्यात मला ते उत्तर दोनदा मिळाले होते.

शिवाय अशा वागण्याचा परिणाम सगळ्यांच्या अटींवर होतो. डिसेंबर २०१८ मध्ये हाँगकाँगहून सोलला निघालेल्या कोरियन एअरच्या विमानात काही चाहते आपल्या लाडक्या गायकांना जवळून पाहण्यासाठी तिकीट काढून चढले आणि पाहून झाल्यावर उतरू लागले. सुरक्षेच्या नियमामुळे ३६० च्या आसपास प्रवाशांना सामानासह पुन्हा तपासणी द्यावी लागली. त्यानंतर २०१९ च्या सुरुवातीपासून त्या कंपनीने, प्रस्थान भागात शिरून मग प्रवास रद्द करणाऱ्यांसाठी दोन लाख वॉनचा जादा दंड लावला. हा दंड हेतू पाहून लागत नाही. त्या रात्री माझ्या जागी असणाऱ्या बाईलाही तो भरावा लागेल.

मला याहून न्याय्य असा एक उपाय दिसतो. लाउंजच्या दाराशी पास स्कॅन झाल्याची नोंद असतेच. त्या पासचे तिकीट नंतर प्रवास न करता परताव्याला आले, तर लाउंजच्या एका भेटीची किंमत त्यातून कापावी, आणि ही अट तिकीट काढतानाच स्पष्ट लिहावी. परताव्याचा हक्क त्यामुळे शाबूत राहतो, हेतू शोधत बसावे लागत नाही, आणि फुकट जेवणाची ओढही उरत नाही. ज्या लाउंजमध्ये पैसे भरून प्रवेश मिळतो, तिथली किंमत ठरलेलीच असते. मी त्या कंपनीला तसे पत्र लिहिले आणि माझ्या त्या रात्रीच्या जेवणाची रक्कम कुठे भरता येईल हेही विचारले. आपल्याकडून काही येणे नाही, असे सौजन्याचे उत्तर आले. सूचनेबद्दल त्यात काही नव्हते.

बहिणीची शस्त्रक्रिया अकराव्या दिवशी झाली. त्या वेळीही मी परताव्याचेच तिकीट काढले होते.