पेडर रोडवर लूमचा आवाज

मुंबईच्या फेस्टिव्हलला जाऊन आले म्हटलं की आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हिरो कोण आलते?" हा डॉक्युमेंटरीचा फेस्टिव्हल, इथे हिरो नसतात, हे सांगेपर्यंत समोरच्याचा निम्मा उत्साह मावळतो. शेजारच्या अक्कांनी तर "मग बघायला काय असतंय की?" म्हणून विषयच मिटवला.

काय असतंय ते लिहितेच.

मिफ, म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, १९९० साली सुरू झाला. दर दोन वर्षांनी भरतो. माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशन, बास. २०२४ मध्ये तो १५ ते २१ जूनला होता, पेडर रोडवर, फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात. मी साउंड रेकॉर्डिंग करते आणि कॅमेरा सांभाळणारा मित्र चाटी गल्लीतला. यंत्रमागावरची आमची फिल्म अर्धीमुर्धी एडिट होऊन पडली होती. ती दाखवायला नाही, बाकीचे लोक कसं करतात ते बघायला सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडली. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी, कारण त्या भागात साधा चहा प्यायचा तरी खिसा चाचपावा लागतो.

सगळ्यात जास्त ज्या फिल्मसाठी गेले होते ती निष्ठा जैन यांची 'द गोल्डन थ्रेड'. कोलकात्याजवळच्या ताग गिरण्यांमधल्या कामगारांवरची. आपल्याकडे जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या कापडगिरण्या आता रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरत्या उरल्यात. तिकडे मात्र जुनाट यंत्रं अजून धडधडतायत आणि माणसं त्यांच्या पोटात वावरतायत. मी मधली काही मिनिटं चक्क डोळे मिटून बसले. मित्राने कोपराने ढोसलं, त्याला वाटलं मी झोपले. पुढे याच फिल्मला सुवर्णशंख, म्हणजे मिफचा मोठा पुरस्कार मिळाला, दहा लाखांच्या रोख रकमेसह. ऐकून दोघांनाही घरचंच कुणीतरी जिंकल्यासारखं झालं.

डोळे का मिटले, तर आमचं भांडणच आवाजाचं आहे. माझे वडील टॉवेलच्या लूमवर काम करतात. कारखान्यात शेजारी उभ्या माणसालाही हाक ऐकू जात नाही, सगळा कारभार हातवाऱ्यांवर आणि ओठ वाचून. पण दोन लूम सांभाळताना, पाठीमागच्या लूमची चाल जरा बदलली की वडील वळलेले असतात. धागा तुटलेला आपल्याला दिसतो तेव्हा त्यांचा हात तिथे पोचलेला असतो, गाठ मारून लूम पुन्हा चालू. त्यांच्या सदऱ्याला छोटा माईक लावून बघितला. त्यात बोलणं नाहीच, नुसती खटखट, आणि रेकॉर्डरचा मीटर सारखा लाल, म्हणजे आवाज पेलण्यापलीकडे. मित्राचं म्हणणं, हा आवाज खाली घे आणि वर मुलाखत टाक. माझं म्हणणं, मग राहिलं काय?

त्या वर्षी मिफमध्ये पहिल्यांदाच डॉक फिल्म बाजार भरला होता, १६ ते १८ जून. फिल्मवाले आणि पैसेवाले समोरासमोर यावेत म्हणून. चहाच्या रांगेत एका निर्मात्या बाईंशी गप्पा जुळल्या. बाई चांगल्या होत्या, चटणीसुद्धा खाल्ली. पण प्रश्न ठरलेलेच. मुख्य पात्र कोण? त्याचं ध्येय काय? शेवटी त्याच्यात काय बदल होतो? मी म्हटलं, मॅडम, माझ्या वडिलांचं ध्येय पाळी संपवून घरी येणं आहे, आणि ते रोज गाठतात. त्या हसल्या, कार्ड दिलं. मला त्यांचा राग नाही. पैसे लावणाऱ्याला काहीतरी धरायला लागतंच. पण लूमवरच्या प्रत्येकाला लढवय्या बनवायची ही जी हौस आहे ती मला बाजारातली सगळ्यात कंटाळवाणी गोष्ट वाटली.

पुरस्कारांमध्ये व्ही. शांताराम जीवनगौरव त्या वेळी सुब्बैया नल्लमुथू यांना मिळाला, वन्यजीवांवर फिल्म करणारे. शांतारामबापूंचं नाव आलं की सोलापूरकराला गप्प बसवत नाही. १९४६ साली त्यांनी आमच्या डॉ. कोटणीसांवर सिनेमा काढला आणि कोटणीसांचं काम स्वतःच केलं. रांगेतल्या एका बंगाली मुलाला मी हे इतक्या तपशिलात सांगितलं की आमचा नंबर गेला.

बाकी पाऊस, ओल्या चपला, एकाच वेळी दोन हॉलमध्ये बघायच्याच फिल्म लागल्याची हळहळ. ते सगळ्यांनीच लिहिलंय.

परत आल्यावर मी सुरुवातीची काही मिनिटं नव्याने लावली. मुलाखत नाही, संगीत नाही, लूमचा आवाज कारखान्यात असतो तसा. सुट्टीच्या दिवशी कारखान्यातच, भिंतीला चादर ताणून दाखवली. मालकांनी आधी कान झाकले, मग म्हणाले, "तिसऱ्या लूमचा धोटा नीट चालत नाही, जॉबरला सांगा." धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा, जॉबर म्हणजे लूम दुरुस्त करणारा. शूटिंग दिवाळीआधीचं. धोटा तेव्हाच दुरुस्त झालाय.

मित्र अजून मुलाखतीवर अडून बसलाय. त्याने वडिलांना तारीखसुद्धा विचारून ठेवलीये. वडील म्हणाले, ये, पण पाळी संपल्यावर.