कॅलिस्टोगाच्या चिखलात आई

कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात फेब्रुवारीत जावे असे सांगणारे लोक ते मोहरीमुळे सांगतात. द्राक्षवेली तेव्हा निष्पर्ण असतात आणि त्यांच्या ओळींमधली मोहरी पिवळीधमक फुललेली असते. निफाडच्या द्राक्षबागेत जिचे आयुष्य गेले त्या माझ्या आईने मात्र गाडीतून उतरताच विचारले, "अगं, ही निंदायला यांना बाया मिळत नाहीत का?" पुढे ती मोहरी हिरवळीच्या खतासारखी जमिनीतच गाडतात, हे ऐकून तिचे समाधान झाले. इथे छाटणी वर्षातून एकदा, हिवाळ्यात वेल झोपलेली असतानाच होते, आपल्यासारखी एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशी दोनदा नव्हे, यावर मात्र तिचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

नापा गावापासून कॅलिस्टोगापर्यंत सिल्व्हराडो ट्रेलने मी सायकलवर गेले आणि आई जावयाबरोबर गाडीतून आली. अंतर सुमारे ४७ किलोमीटर. १९७६ च्या पॅरिसमधल्या चाखणीत फ्रेंच वाइनना मागे टाकणारी स्टॅग्ज लीप ही वायनरी याच रस्त्यावर आहे, पण तिथे पोहोचेपर्यंत माझे लक्ष सायकलच्या खोगिरावरच खिळले होते.

चिखलस्नान ठरवले होते ते या दुखण्यासाठी. कॅलिस्टोगाच्या गरम झऱ्यांचा उपयोग इथले मूळचे वाप्पो लोक फार पूर्वीपासून करत; आता ज्वालामुखीची राख आणि पीट, म्हणजे दलदलीतला अर्धवट कुजलेला पालापाचोळा, त्या पाण्यात कालवून हौदात भरतात. आधीच्या अर्जात रक्तदाबाची चौकशी होती. आईचा माझ्यापेक्षा चांगला निघाला. "जन्मभर चिखल तुडवला, आता पैसे मोजून त्यात निजायचं?" असे म्हणत ती शेजारच्या हौदात उतरली. हा चिखल आपल्याला बुडू देत नाही. अंग वर तरंगत राहते, मग सेविका ओंजळींनी तो गळ्यापर्यंत लोटते. मुरलेल्या शेणखतासारखा तो आतून ऊबदार आणि तंतुमय लागतो. तिसऱ्या मिनिटाला माझ्या नाकाला खाज सुटली, हात मात्र चिखलाखाली अडकलेले, आणि छातीवरचे ओझे एवढे वाढल्यासारखे वाटले, की सहाव्या मिनिटाला मी मला बाहेर काढण्याची विनंती केली. आराम हेही कष्टाचे काम आहे, असे मला तेव्हा मनापासून वाटले.

आई घोरत होती. कपाळावर गार फडके, तोंड अर्धवट उघडे. बाबा गेल्यापासून तिला इतकी गाढ झोपलेली मी पाहिली नव्हती. सेविकेने वेळ संपल्याची खूण केली, तेव्हा मी अंगावरचा चिखल निथळत तशीच उभी राहून आणखी दोन मिनिटे मागून घेतली.

जागी झाल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो हा, की दर गिऱ्हाइकाला माती बदलतात का. प्रत्येकानंतर झऱ्याचे कढत पाणी चिखलातून सोडतात, असे सेविकेने सांगितले. मी त्याचे भाषांतर केले. "म्हणजे मोकाट पाणी देतात," आई म्हणाली, आणि नखांतले पीटचे तंतू काढत बसली.