आकडा नंतर, आधी प्रश्नावली

अमुक देशातली गरिबी कमी झाली का, असं कोणी विचारलं की माझ्या तोंडून आधी निघतं, कुठला सर्व्हे? आणि त्यात नेमकं विचारलं काय होतं? समोरचा वैतागतो, त्याला हो किंवा नाही हवं असतं. पण घरोघरी जाऊन केलेल्या राष्ट्रीय सर्व्हेंचा कच्चा डेटा, म्हणजे एकेका घराची एकेक ओळ असलेल्या त्या अगडबंब फाइल्स, बराच काळ हाताळल्या की ही खोड लागतेच. बातमीत येतो तो एक टक्का, त्याच्या मागे कोणीतरी कोणाच्या तरी दारात बसून विचारलेले शेकडो प्रश्न असतात, आणि प्रश्न बदलला की टक्का बदलतो. देश तोच, माणसं तीच, खर्चही तोच, तरी बदलतो!

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण भारताचं आहे, जगभरच्या अभ्यासक्रमात शिकवतात ते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण, म्हणजे एनएसएस, 1950 मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या पुढाकाराने सुरू झालं. त्यात खर्चाबद्दल विचारायची पद्धत अशी की गेल्या 30 दिवसांत घरात काय काय वापरलं, किती वापरलं, केवढ्याचं. मग 1994 ते 1998 च्या फेऱ्यांमध्ये एक प्रयोग केला. सॅम्पलमधल्या घरांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन भाग पाडले, एका भागाला जुनीच 30 दिवसांची प्रश्नावली, आणि दुसऱ्या भागाला खाण्यापिण्याच्या वस्तू 7 दिवसांच्या हिशोबाने विचारल्या, आणि कपडे, मोठ्या वस्तू असं क्वचित घेतलं जाणारं सगळं वर्षभराच्या. 7 दिवसवाल्या घरांचा खर्च एवढा जास्त निघाला की त्या हिशोबाने देशातले गरीब जवळपास निम्मे झाले. निम्मे! काही वाढलं नव्हतं, काही वाटलं नव्हतं, फक्त प्रश्नातला काळ बदलला होता.

आता यातलं खरं कुठलं? महिन्याभराचं विचारलं की माणूस विसरतो हे कोणालाही पटेल. पण आठवड्याचं विचारलं की उलटी गंमत होते, दहा दिवसांपूर्वी घेतलेली वस्तू "आत्ताच तर घेतली" म्हणून आठवड्यात ओढली जाते. त्यामुळे एक पद्धत कमी दाखवते आणि दुसरी कदाचित जास्त. बरं, वस्तूनुसारही फरक पडतो. रोजच्या धान्याचं महिन्याचं माप लोकांना नीट सांगता येतं, पण बाहेर उभ्याने खाल्लेलं काहीतरी दोन दिवसांनी सुद्धा आठवत नाही.

खरा घोळ पुढे झाला. 1999-2000 च्या मोठ्या फेरीत 7 दिवस आणि 30 दिवस हे दोन्ही प्रश्न एकाच प्रश्नावलीत शेजारी शेजारी रकान्यांत टाकले. विचार करा, तुम्ही आत्ताच आठवड्याचा आकडा सांगितलाय आणि लगेच तोच माणूस तुम्हाला महिन्याचा विचारतोय, तुम्ही काय करणार? मनातल्या मनात चारने गुणणार. आणि विचारणाराही दोन रकाने जुळत नाहीत म्हटल्यावर पुन्हा खोदून विचारणार. म्हणजे नावाला 30 दिवसांचा आकडा, पण तो आधीच्या 30 दिवसांसारखा राहिलाच नाही. अधिकृत गरिबी 1993-94 मधल्या 36 टक्क्यांवरून 26 टक्क्यांवर आली, आणि त्यातली खरी घट किती आणि रकान्यांची करामत किती यावर अर्थशास्त्रज्ञ कित्येक वर्षं भांडत बसले.

त्यातली अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांची युक्ती मला अजून भारी वाटते. त्यांनी बघितलं की इंधन, भाडं, किरकोळ सेवा असल्या काही बाबी दोन्ही वेळेला 30 दिवसांच्याच हिशोबाने विचारल्या होत्या, म्हणजे तेवढा तुकडा तरी तुलना करण्याजोगा आहे. मग 1993-94 च्या डेटात या तुकड्याचं एकूण खर्चाशी जे नातं दिसतं ते धरून 1999-2000 ची गरिबी काढायची. निघालं असं की घट झाली होती, पण अधिकृत आकड्याएवढी नाही. हे नातं सहा वर्षांत तसंच राहिलं असं धरून चालायचं का, यावरही इतरांनी टीका केली, आणि ती टीका फालतू नव्हती. पण अख्खा सर्व्हे वाया गेला असं म्हणून हात झटकण्यापेक्षा त्यातला न बिघडलेला भाग शोधणं, हे काम मला आवडतं. पुढे 2015 मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते साधारण याच प्रांतातल्या कामासाठी, उपभोग, गरिबी आणि कल्याण यांच्या विश्लेषणासाठी.

आणि गोष्ट तिथे संपत नाही. 2017-18 च्या खर्च सर्व्हेचे निकाल डेटाच्या दर्जाचं कारण देऊन सरकारने जाहीरच केले नाहीत, आणि 2022-23 चा आला तेव्हा पद्धत पुन्हा बदललेली, एका भेटीऐवजी तीन वेगवेगळ्या भेटी, तीन प्रश्नावल्या. ही पद्धत चांगली असेलही, पण 2011-12 शी सरळ वजाबाकी करून "इतके कोटी लोक गरिबीतून बाहेर" असं लिहिणाऱ्यांनी निदान एक तळटीप तरी टाकावी, एवढंच माझं म्हणणं.

हे भारतापुरतं आहे असं समजू नका. टांझानियात काही संशोधकांनी 4,000 घरांवर मुद्दाम असाच प्रयोग केला, आठ वेगवेगळ्या प्रकारे खर्च विचारला, कोणाला डायरी दिली, कोणाला 7 दिवसांचं विचारलं, कोणाला 14, कुठे वस्तूंची लांबलचक यादी, कुठे आटोपशीर. सगळ्यात काटेकोर प्रकार म्हणजे घरातल्या प्रत्येकाची वेगळी डायरी आणि ती तपासायला वरचेवर माणूस. बाकीचे बहुतेक प्रकार त्याच्यापेक्षा कमी खर्च दाखवत होते. म्हणजे दोन देशांची गरिबी शेजारी मांडताना एकाकडे डायरी आणि दुसऱ्याकडे आटोपशीर यादी असेल तर आपण नक्की देशांची तुलना करतोय की फॉर्मची?

त्यात भर म्हणजे काही देश खर्च मोजतात आणि काही उत्पन्न. लॅटिन अमेरिकेत बहुतेक उत्पन्न, आशिया आफ्रिकेत बहुतेक खर्च. शेतीवर जगणाऱ्या घराचं उत्पन्न एका हंगामात येतं आणि बाकी वेळ शून्य, त्यामुळे तिथे खर्च मोजणं जास्त शहाणपणाचं. पण खर्चातली विषमता उत्पन्नातल्या विषमतेपेक्षा सहसा कमीच दिसते, माणूस वाईट महिन्यातही खातो आणि चांगल्या महिन्यात थोडं बाजूला टाकतो म्हणून. तरी लोक दोन्ही प्रकारचे गिनी, म्हणजे विषमता एका आकड्यात सांगणारे निर्देशांक, एका तक्त्यात घालून देशांना नंबर देतात, आणि ते तक्ते व्हॉट्सॅपवर फिरतात.

असो. आता "घर" या गोष्टीकडे येते, कारण या सर्व्हेंचं एकक घर आहे, माणूस नाही. साधारण एका स्वयंपाकात जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब, काही देशांत एका छपराखाली राहणं वगैरे अटी वेगळ्या. मग एकूण खर्च भागिले माणसं, झाला दरडोई खर्च, आणि त्या घरातला प्रत्येक जण तितकाच गरीब किंवा तितकाच श्रीमंत! घरात कोण शेवटी जेवतं, कोणाच्या औषधाला पैसे निघतात, हे त्या भागाकारात गायब. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या 30 देशांच्या डेटावर एक अभ्यास झाला, त्यात दिसलं की कमी वजनाच्या बायका आणि कुपोषित मुलं यांतली सुमारे तीन चतुर्थांश सगळ्यात गरीब 20 टक्के घरांत नव्हतीच. म्हणजे गरीब घरं शोधून मदत दिली की उपाशी माणसं आपोआप सापडतील हे गृहीतक किती कच्चं आहे बघा. वजन आणि उंची मात्र माणसाची मोजतात, घराची नाही, म्हणून आरोग्याचे सर्व्हे मला या बाबतीत जास्त प्रामाणिक वाटतात.

आरोग्याच्या सर्व्हेंत, म्हणजे 1984 पासून 90 हून जास्त देशांत झालेल्या डीएचएस (डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे) मालिकेत, ज्यात भारताचा एनएफएचएस, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणही येतं, खर्च विचारतच नाहीत. विचारतात घरात काय आहे, जमीन कसली, पाणी कुठून, सायकल, टीव्ही, आणि त्यावरून संपत्तीचा निर्देशांक बनवून पाच भाग पाडतात. स्वस्त आणि मस्त पद्धत आहे, पण हे भाग त्या त्या देशातल्या त्या त्या वर्षीच्या रांगेतले आहेत. "सर्वात गरीब पाचवा हिस्सा" दर वर्षी 20 टक्केच असणार, तो कमी होऊच शकत नाही, तरीही कोणीतरी दर थोड्या दिवसांनी मला विचारतं की हा हिस्सा कमी का होत नाहीये.. :)

कच्चा डेटा पहिल्यांदा उघडणाऱ्यांना एक सांगते, वेट, म्हणजे एकेक ओळ देशातल्या किती घरांच्या वतीने बोलते ते सांगणारा आकडा, लावल्याशिवाय एकही सरासरी काढू नका. लहान राज्यांतून किंवा शहरांतून मुद्दाम जास्त घरं घेतलेली असतात, नाहीतर तिथला अंदाजच निघत नाही, त्यामुळे प्रत्येक ओळ देशातल्या सारख्याच संख्येच्या घरांच्या वतीने बोलत नसते. डीएचएसमध्ये बायकांच्या फाइलमध्ये हे वेट व्ही 005 नावाच्या रकान्यात असतं आणि त्याला 10 लाखांनी भागायचं असतं, कारण दशांश चिन्ह काढून साठवलेलं आहे. दुसरं म्हणजे घरं सुटीसुटी निवडलेली नसतात, आधी गाव किंवा वस्ती निवडतात आणि मग तिथली 25-30 घरं. शेजारी शेजाऱ्यासारखे असतात, म्हणून 3,000 घरांत 3,000 घरांएवढी माहिती नसते, त्याहून कमी असते, आणि हे सॉफ्टवेअरला सांगितलं नाही तर ते तुम्हाला खोटा आत्मविश्वास देतं. नकाशावर काम करणार असाल तर जीपीएस बिंदूही मुद्दाम हलवलेले असतात, शहरात 2 किलोमीटरपर्यंत, गावात 5 पर्यंत आणि थोडे 10 पर्यंत, लोकांची ओळख उघड होऊ नये म्हणून. बिंदूपासून दवाखान्याचं अंतर मीटरमध्ये मोजणारे पेपर वाचले की मला हसू येतं.

सर्व्हेत कोण नसतंच हा वेगळाच विषय. घरांची यादी करून निवड होते म्हणजे ज्याला घर नाही तो बहुधा बाहेर, वसतिगृहं, तुरुंग, बराकी बहुधा बाहेर. आणि दुसऱ्या टोकाला फार श्रीमंत लोक दारच उघडत नाहीत. अमेरिकेच्या डेटावर हे दाखवलंय की उत्पन्न वाढेल तसं सर्व्हेला उत्तर देण्याचं प्रमाण घटतं. त्यामुळे सर्व्हेतली विषमता म्हणजे दोन्ही टोकं कापलेली विषमता. आणि हल्ली तर मधलेही दार उघडेनात. ब्रिटनच्या लेबर फोर्स सर्व्हेला 2023 मध्ये फक्त 17 टक्क्यांच्या आसपास प्रतिसाद आला, इतका की ऑक्टोबरमध्ये त्यांनी त्यावरचे नेहमीचे बेरोजगारीचे आकडे काही काळ थांबवले. एवढी जुनी, पैसेवाली यंत्रणा, आणि माणसं बोलायला तयार नाहीत. डीएचएसचं दुखणं निराळं, 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेने पैसे बंद केले आणि कार्यक्रमच थांबला. ज्या देशांत जन्ममृत्यूची नीट नोंदच होत नाही तिथे बालमृत्यूचा दर आपल्याला मुख्यतः याच सर्व्हेंतून कळत होता.

कामाबद्दलचे आकडे तर अजून नाजूक. 2013 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या परिषदेत व्याख्या बदलली, फक्त स्वतःच्या घरी खाण्यासाठी पिकवणं हे "काम" आहे पण "रोजगार" नाही. ज्या देशांनी ही व्याख्या लावली तिथे कागदावरचे रोजगार एका फटक्यात खाली आले, शेतात माणसं कालच्यासारखीच वाकलेली. आणि बायकांच्या बाबतीत तर "तुम्ही काम करता का" विचारलं की "नाही" येतं आणि गुरं, शेत, शिवण असं एकेक नाव घेऊन विचारलं की तीच बाई चार गोष्टींना "हो" म्हणते. त्यातून तिच्याऐवजी घरातल्या दुसऱ्याच कोणी उत्तर दिलं असेल तर विचारूच नका.

नवीन फाइल आली की मी पहिला ग्राफ वयाचा काढते. 30, 35, 40, 45 वर सुळके दिसतात, कारण अनेकांना आपलं वय नेमकं माहीत नसतं आणि गोल आकडा सांगितला जातो, तेवढं चालतं. पण डीएचएससारख्या सर्व्हेत बायकांची लांब मुलाखत 15 ते 49 वयालाच घ्यायची असते, आणि कधीकधी 49 ला खड्डा आणि 50 ला नेहमीपेक्षा उंच सुळका दिसतो, म्हणजे दमलेल्या कोणीतरी एक वर्ष वाढवून तासाभराचं काम वाचवलंय. मुलांच्या बाबतीतही तेच, पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी आरोग्याचे ढीगभर प्रश्न असतात म्हणून काही जन्म त्या सीमेच्या पलीकडे ढकलले जातात, आणि मग गेल्या पाच वर्षांतला जन्मदर उगाच पडल्यासारखा दिसतो. असा खड्डा दिसला की मी बाकीचे ग्राफ ठेवून आधी मुलाखत घेणाऱ्यांच्या नंबरचा रकाना उघडते, आणि कुठल्या टीमच्या घरांत पन्नाशीच्या बायका एवढ्या जास्त आहेत ते बघते.